क्लॅरिनेटचा नग निवडताना

[दृश्य: टेबलावर जाड कापड. त्यावर बी-फ्लॅट क्लॅरिनेटचे तीन नग. प्रत्येकाच्या बेलवर, म्हणजे खालच्या रुंद तोंडावर, कागदी पट्टी, पट्टीवर १, २, ३ असे आकडे.]

ही तिन्ही क्लॅरिनेटं एकाच कारखान्यातली, एकाच मॉडेलची आणि एकाच किमतीची. सतरा चाव्या, सहा रिंगा, कागदावर बोअरचं, म्हणजे आतल्या पोकळ नळीचं, मापही तेच. तरी पहिल्यावर अगदी खालचा एफ दबका लागतो आणि दुसऱ्यावर तोच मोकळा सुटतो. तिसऱ्यावर खालचे स्वर भरदार आहेत, पण गळ्यातला, म्हणजे मधल्या पट्टीतला, ए चढतो. काही लाख रुपये मोजताना मॉडेलचं नाव ठरवणं हा सोपा भाग. त्या मॉडेलचा कोणता नग घरी न्यायचा, हे अवघड.

[दृश्य: काळ्या लाकडाचा चौकोनी ठोकळा. पाण्याच्या भांड्यात सोडताच तळाला जातो.]

फरकाचं पहिलं कारण लाकूड. व्यावसायिक दर्जाची बहुतेक क्लॅरिनेटं आफ्रिकन ब्लॅकवूडची असतात. वाद्यांच्या व्यापारात याला ग्रेनाडिला म्हणतात आणि टांझानियात म्पिंगो. आपला शिसव आणि हे झाड एकाच डाल्बर्जिया कुळीतले. लाकूड इतकं घट्ट की पाण्यावर तरंगत नाही. झाड कापण्याजोगं व्हायला सत्तर-ऐंशी वर्षं सहज जातात. त्यामुळे २०१७ पासून या कुळीतल्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचं बंधन आलं. तयार वाद्यांना त्यातून २०१९ मध्ये सूट मिळाली.

दुसरं कारण हात. पॅरिसजवळच्या माँत-ला-व्हील इथे बुफे क्रॅम्पाँचा कारखाना आहे. १९५० च्या दशकात रॉबर्ट कारे यांनी तिथे आर-१३ हे मॉडेल घडवलं आणि आजच्या बहुतेक फ्रेंच पद्धतीच्या क्लॅरिनेटांवर त्याची छाप आहे. त्याचा बोअर साध्या नळीसारखा सरळ नाही. वरच्या जॉइंटमध्ये, म्हणजे वाद्याच्या वरच्या तुकड्यात, तो टप्प्याटप्प्याने बदलतो. शिवाय भोकांच्या आतल्या कडा खालून कोरलेल्या असतात. मिलिमीटरच्या काही शतांश इतकाच फरक पडला, तरी एखादा स्वर उतरतो किंवा गुदमरतो. लाकूड तर कोरल्यानंतरही थोडं हलतंच.

[दृश्य: वरचा जॉइंट हातात. डाव्या हाताची बोटं भोकांवर, उजव्या तळव्याने खालचं तोंड बंद.]

वाजवायच्या आधी हवा तपासायची. वरच्या जॉइंटची तिन्ही भोकं आणि अंगठ्याचं भोक झाकून खालचं तोंड तळव्याने बंद करा, वरून हवा ओढा आणि जिभेने तोंड अडवून धरा. चार-पाच सेकंद ओढ टिकली आणि जीभ काढताना ‘फट्’ असा आवाज आला, तर जॉइंट घट्ट आहे. ओढ लगेच सुटली, तर कुठलं तरी पॅड, म्हणजे चावीखालची भोक झाकणारी गादी, बसत नाहीये. कोणतं, ते शोधायला सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी पॅडखाली ठेवा, चावी हलकेच मिटा आणि पट्टी ओढा. पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून, चारही बाजूंना कागद सारखाच अडला पाहिजे.

हे आधी करायचं, कारण नवंकोरं वाद्यही गळतं. जहाजातून किंवा विमानातून आलेल्या पेटीत पॅडं सरकतात, कॉर्क दबतात. गळका नग वाजवून बघितला की तो निर्जीव वाटतो आणि कदाचित तिघांतला सर्वांत चांगला नगच बाजूला पडतो. आधी तिन्ही नग कारागिराकडून जुळवून घ्या, मग कान लावा.

खालच्या जॉइंटवर एकच जागा नीट बघायची. उजव्या करंगळीने खालचा ई दाबला की दोन मोठी पॅडं एकाच क्षणी बसली पाहिजेत. एक केसभर आधी बसलं, तर दुसरं उघडं राहतं आणि ई बोलतच नाही. नवशिक्या याचं खापर रीडवर, म्हणजे तोंडातल्या पातळ पट्टीवर, फोडतो.

[दृश्य: ट्यूनरचा काटा. त्यासमोर वादक, डोळे मिटलेले.]

आता सूर. बासरीत फुंक वाढवली की मध्य षड्जावरून आपण तार षड्जावर जातो. क्लॅरिनेट तिथे थांबत नाही, थेट तार पंचमावर जातं. म्हणून त्याची परीक्षा सप्तकाने होत नाही, बाराव्या स्वराने होते. खालचा एफ आणि त्यावरचा सी, जी आणि डी, ए आणि ई, अशा जोड्या लावायच्या. एवढ्या सगळ्या जोड्यांसाठी रजिस्टर चावीचं, म्हणजे खालच्या स्वरावरून वरच्यावर नेणाऱ्या चावीचं, भोक एकच आणि त्याची एक जागा सगळ्यांना मानवणारी नसते. तडजोड प्रत्येक वाद्यात असते. ती कुठे आणि किती, हेच पारखायचं.

वाद्य दहा मिनिटं वाजवून गरम करा. डोळे मिटून स्वर लावा, स्थिर झाला की मगच काट्याकडे बघा. आधी बघितलं तर ओठ नकळत स्वर सावरतात आणि परीक्षा वाद्याऐवजी ओठांची होते. जोडीतल्या दोन स्वरांत पाच ते दहा सेंटचा फरक चालतो (शंभर सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर), तो सवयीने भरून निघतो. पंधराच्या पुढे गेला तर प्रत्येक वेळी जबडा हलवावा लागेल, आणि दोन तासांच्या कार्यक्रमात तो दमतो. खालचे ई आणि एफ थोडे उतरलेले असणं हा या वाद्याचा स्वभावच. काही महागड्या मॉडेलांवर त्यासाठी एक जादा चावी असते.

मग गळ्यातले स्वर: जी, जी-शार्प, ए आणि बी-फ्लॅट. इथे नळीचा फार थोडा भाग वापरात असतो, म्हणून आवाज मुळातच पातळ. बी-फ्लॅट तर त्याच रजिस्टरच्या बारीक भोकातून निघतो, त्यामुळे थोडा घोगरा लागणारच. ए वरून वरच्या बी वर जाताना जवळजवळ सगळी बोटं एकदम खाली येतात. त्या क्षणी रंग किती बदलतो, ते ऐका. ज्या नगावर हा सांधा कमी जाणवतो, तो बाजूला काढून ठेवा. आमच्या मते यापेक्षा मोठी कसोटी नाही.

[दृश्य: एकाच पेटीतल्या लांब-आखूड बॅरल, म्हणजे माऊथपीस आणि वरचा जॉइंट यांच्यामधले तुकडे, शेजारी शेजारी.]

खरेदीआधी विचारायचा एक प्रश्न बरेच जण विसरतात: मूळ ए स्वर ४४० हर्ट्झचा धरून वाद्य घडवलंय की ४४२ चा? युरोपातले अनेक वाद्यवृंद ४४२ ला लावतात. आपल्याकडचा कीबोर्ड सहसा ४४० ला असतो. ४४२ चं वाद्य बॅरल ओढून खाली आणता येतं, पण मग आखूड नळीचे, म्हणजे गळ्यातले स्वर इतरांपेक्षा जास्त उतरतात आणि सगळी घडी बिघडते. त्यापेक्षा एखादा मिलिमीटर लांब बॅरल घेणं बरं. बरोबर सहसा ६५ आणि ६६ मिलिमीटरच्या दोन मिळतात.

सगळ्या नगांवर माऊथपीस स्वतःचाच हवा आणि रीड वाजवून मुरलेली. नवा माऊथपीस आणि नवं क्लॅरिनेट एकाच दिवशी निवडू नका, कारण मग कोणता गुण कोणाचा ते कळत नाही.

आपला आवाज आपल्याला दातांतून आणि कवटीतूनही ऐकू येतो. समोरच्याला तो तसा येत नाही. म्हणून एखाद्या जाणत्या मित्राला वीस-पंचवीस फुटांवर पाठ करून बसवा. तिन्ही नगांवर तोच संथ तुकडा वाजवा, क्रम बदलत राहा आणि त्याने फक्त आकडा लिहायचा. दीड तासापेक्षा जास्त नको. ओठ थकले की सगळेच नग जड लागतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवा. दोन्ही दिवशी एकच आकडा आला, तर निवड झाली.

रागसंगीत वाजवणाऱ्याने आणखी एक गोष्ट बघायची. मींड बोट सरकवून, भोक अर्धं उघडत निघते. भोकांच्या आणि रिंगांच्या कडा बोटाला खुपता कामा नयेत, रिंगेची स्प्रिंग मऊ हवी. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवरचा सी म्हणजे आपली काळी पाच, ए क्लॅरिनेटवरचा सी म्हणजे पांढरी सहा. साथीला कोणती पट्टी लागते, ते आधी ठरवा. पाश्चात्त्य वाद्यवृंदात वाजवायचं असेल तर दोन्ही लागतात. मोझार्टचा के. ६२२ हा कॉन्चेर्टो ए क्लॅरिनेटचा. तेव्हा जोडी घेताना एकाच माऊथपीसवर एकावरून दुसऱ्यावर झटपट जाऊन बघा. फुंकेचा जोर फार बदलावा लागला, तर जोडी जमली नाही.

[दृश्य: समुद्राकाठचं गाव, पाऊस. मग घरात उघडी पेटी.]

कोकणात, गोव्यात, मुंबईत राहणाऱ्यांना हवेचा विचार टाळता येत नाही. पोलादी स्प्रिंगांना गंज चढतो, चांदीचा मुलामा काळवंडतो. उघड्यावर, उन्हापावसात वाजवणाऱ्याने लाकडाचा हट्ट धरू नये. त्याच ब्लॅकवूडचा भुसा आणि कार्बन तंतू मिसळून घडवलेली क्लॅरिनेटं मिळतात. हवेतल्या ओलीने ती तडकत नाहीत. मात्र हातातून पडली तर सांध्याशी तुटू शकतात.

[दृश्य: वरच्या जॉइंटवर तिरपा उजेड. वरच्या ट्रिल चाव्यांच्या भोकांजवळ केसासारखी बारीक रेषा.]

नव्या लाकडाला तडा बहुधा इथेच जातो. श्वासाच्या उबेने आणि ओलीने आतली भिंत फुगते, बाहेरची कोरडीच राहते आणि लाकूड मधे ताणलं जातं. एसी खोलीतलं गार वाद्य लगेच जोरात फुंकलं, तर धोका सर्वांत जास्त. आधी हातात धरून, काखेत घेऊन बाहेरून गरम करा. पहिला आठवडा रोज पंधरा-वीस मिनिटंच, दुसऱ्या आठवड्यात अर्धा तास, महिन्याभराने पूर्ण रियाज. थांबलात की दर वेळी आतून कापड ओढायचं आणि टेनन, म्हणजे एकमेकांत बसणारी जॉइंटची टोकं, पुसायचे. ओल लागून टेनन फुगले आणि जॉइंट फिरता फिरेना, तर जोर लावू नका. वाद्य थोडं सुकू द्या. तरीही अडलं तर कारागिराकडे न्या, तो टेननवरून केसभर लाकूड काढून देतो.