जुनाट कंबरदुखी आणि रेडिओफ्रिक्वेन्सी उपचार

नमस्कार श्रोतेहो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेली कंबरदुखी जुनाट मानली जाते. औषधे आणि व्यायाम करूनही ती हटली नाही की, रेडिओफ्रिक्वेन्सी उपचार, म्हणजे उच्च वारंवारतेच्या विद्युतप्रवाहाच्या उष्णतेने नस जाळण्याचा उपचार, करावा का, हा प्रश्न पुढे येतो आणि रुग्ण धास्तावतो. पायाला बळ देणाऱ्या मोठ्या नसांना यात हात लावत नाहीत. मणक्यांच्या मागे फॅसेट नावाचे छोटे सांधे असतात आणि त्यांची वेदना मेंदूकडे नेणाऱ्या बारीक शाखांवरच हा उपचार होतो.

माझ्या मते सर्वाधिक महत्त्व आहे ते आधीच्या चाचणीला. फॅसेट सांधाच दुखतो आहे, हे एमआरआयवरून खात्रीने सांगता येत नाही, कारण सांध्यांची झीज काहीही न दुखणाऱ्या माणसांतही दिसते. म्हणून त्या शाखांपाशी थोडे भुलीचे औषध सोडतात आणि पुढचे काही तास रुग्णाने वाकून, उठून-बसून, चालून दुखणे किती उतरले याची प्रामाणिक नोंद ठेवायची असते. फसवा निष्कर्ष टाळण्यासाठी अनेक डॉक्टर ही चाचणी दोनदा करतात. कृपया ती टाळण्याचा आग्रह धरू नका.

चाचणीत स्पष्ट आराम पडला, तरच क्ष-किरणांच्या साहाय्याने सुई नेमकी बसवतात, सौम्य विद्युतप्रवाह देऊन पायाचे स्नायू हलत नाहीत ना हे पाहतात आणि मग साधारण 80 अंश सेल्सिअस उष्णता एक-दीड मिनिट देतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. सुईच्या जागी काही दिवस ठणका राहू शकतो.

हा कायमचा इलाज नव्हे. नस पुन्हा वाढते, त्यामुळे आराम मिळालाच तर तो बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकतो. गादी सरकून पायात उतरणाऱ्या कळेवर याचा उपयोग नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात तर व्यायामाला या उपचाराची जोड देऊनही लक्षणीय जास्तीचा फायदा आढळला नाही. त्यातील रुग्णांची निवड आणि सुईचे तंत्र यांवर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पेसमेकर बसवलेला असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. लघवीवरचा ताबा अचानक सुटला किंवा पायातले बळ गेले, तर मात्र या उपचाराचा विचार बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठा.