संत्र्याचा रस आणि टायट्रेशनचा कर्व्ह

(दृश्य: ब्युरेटचं टोक, लटकलेला एक थेंब)

हा थेंब दिसतोय ना, साधारण ०.०५ मिलीचा असतो. टायट्रेशन म्हणजे ब्युरेट नावाच्या खुणांच्या नळीतून ॲसिडात सोडा मोजून टाकायचा, आणि दर वेळचा पीएच ग्राफवर मांडला की होतो तो कर्व्ह. खाली फ्लास्कमध्ये २५ मिली हायड्रोक्लोरिक ॲसिड, ०.१ मोलार, आणि वरून तेवढ्याच ताकदीचा कॉस्टिक सोडा. सुरुवातीला पीएच १. अर्धं ॲसिड संपलं तरी दीडच्या आसपास, २० मिली सोडा गेला तरी दोनच्या आतच. पोरं इथंच कंटाळतात, काहून की घडतच काही नाही. आणि मग २४.९५ मिलीला पीएच ४, अन् २५.०५ ला थेट १०. दोन थेंब, बस!

पीएच हे लॉगचं माप आहे, म्हणजे एक आकडा वाढायचा तर हायड्रोजन आयन दहापट कमी व्हायला पाहिजेत. सुरुवातीला ॲसिडचा साठा एवढा मोठा की तेवढ्यासाठीच २० मिलीच्या वर सोडा लागतो, आणि शेवटी उरलेलं इतकं किरकोळ की एकाच थेंबात हजारपट फरक पडतो. कर्व्ह उभा होतो तो यामुळं, सोडा काही अचानक जोरात काम करायला लागत नाही.

(दृश्य: नागपुरातल्या कॉलेजची लॅब, गाळलेला संत्र्याचा रस)

आता आपला रस घेऊ. अंबिया बहाराचं फळ असो की मृगाचं, आंबटपणा मुख्यतः सायट्रिक ॲसिडचा, आणि ते वीक ॲसिड, म्हणजे आपले हायड्रोजन आयन सगळे एकदम सोडत नाही. पीएच सुरू होतो तीन ते चारच्या मधे कुठंतरी आणि हळूहळू चढतच राहतो. सायट्रिकचे तीन प्रोटॉन (म्हणजे सुटणारे हायड्रोजन आयन), पीकेए, म्हणजे ज्या पीएचला तो प्रोटॉन अर्धा सुटलेला असतो, ३.१, ४.८ आणि ६.४, मग तीन पायऱ्या दिसायला पाहिजेत की नाही? दिसत नाहीत, आकडे इतके जवळ आहेत की पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात आणि नीट उडी एकच, तिसरा प्रोटॉन गेल्यावर, आठच्या वर. म्हणून इथं फिनॉल्फ्थॅलीन, आठच्या वर गुलाबी होणारा इंडिकेटर. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मधेच बदलतं, म्हणजे रसात टाकल्या टाकल्याच त्याचा खेळ सुरू, काही कामाचं नाही.

हिशोब सोपा आहे: ०.१ नॉर्मल (सोड्यासाठी हेच ०.१ मोलार) सोड्याचा १ मिली म्हणजे ६.४ मिलीग्रॅम सायट्रिक ॲसिड. १० मिली रसाला १० मिली सोडा लागला तर १०० मिलीत ०.६४ ग्रॅम. रसातल्या गोडीला या आकड्यानं भागलं की फळ तयार आहे का ते कळतं.

पण केशरी रसात हलका गुलाबी ओळखणं म्हणजे डोक्याला ताप, पाणी टाकून पातळ केला तरी दोघं जण दोन वेगळी रीडिंग सांगतात. तिथं पीएच मीटर बरा. गंमत म्हणजे अरनॉल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात हा मीटर बनवला तोच लिंबाच्या रसासाठी. त्या रसात सल्फर डायऑक्साइड असायचा आणि तो लिटमसचा रंगच उडवून टाकायचा.

(दृश्य: ग्राफ पेपरवर एकेक बिंदू)

मीटर असला की रंगाच्या मागं धावायचं काम नाही. आधी एकेक मिलीनं रीडिंग घ्या, पीएच सातच्या जवळ आला की थेंबाथेंबानं, आणि गुलाबी झाल्यावरही थांबू नका, पुढं दोन-तीन मिली घ्याच, नाहीतर कर्व्हचा वरचा भाग मिळतच नाही. सगळ्यात खडा चढ जिथं, तो इक्विव्हॅलन्स पॉइंट, म्हणजे ॲसिड आणि सोडा बरोबर जुळतात ती जागा.