पळीच्या दांड्यावरचा जिल्हा

(दृश्य: अरुंद दरी. एकाखाली एक पसरलेले जलाशय. वर उघडं, तपकिरी माळरान.)

इंग्लंडमधल्या या गावाच्या पाटीवर लिहिलंय टिंटविसल. पण इथे कुणाला तसं विचारलंत, तर तुम्ही बाहेरचे हे लगेच कळतं. गावचे लोक म्हणतात, टिन्सल.

या गावाच्या नावाने एक अख्खा जिल्हा होता. चांगली ऐंशी वर्षं. जिल्हा म्हटलं की आपल्याला कलेक्टर कचेरी आठवते. इथे तसलं काही नव्हतं. इंग्लंडमधला 'रूरल डिस्ट्रिक्ट' म्हणजे साधारण आपली पंचायत समिती समजा. गटारं, साफसफाई, पुढे भाड्याने द्यायची सरकारी घरं, असा कारभार.

१८९४ च्या कायद्याने ही मंडळं उभी राहिली. इथलं जुनं आरोग्य मंडळ ॲश्टन-अंडर-लाइनचं, लँकेशायर आणि चेशायर या दोन काउंट्यांत पसरलेलं (काउंटी म्हणजे साधारण आपला मोठा जिल्हा). ते हद्दीवर कापलं. लँकेशायरकडचा तुकडा लाइमहर्स्ट झाला, चेशायरकडचा टिंटविसल. वाट्याला आली तीन गावं: हॅटर्सली, मॅटली आणि खुद्द टिंटविसल.

(दृश्य: चेशायरचा जुना नकाशा.)

हा नकाशा नीट बघा. खाली पळीची वाटी, आणि ईशान्येला पेनाइन डोंगरांत घुसलेला दांडा. त्या दांड्याचं टोक म्हणजे आपला जिल्हा.

जिल्ह्याच्या दाराशी पाणीच पाणी, पण मालकी तेव्हा मँचेस्टर महापालिकेची होती. एथेरो नदीवरची ही धरणं जॉन फ्रेडरिक बेटमन या इंजिनिअरची. वुडहेडच्या धरणाला १८४८ मध्ये सर्वात आधी हात घातला आणि ते पुरं झालं सर्वात शेवटी, १८७७ मध्ये. पहिला बांध गळायला लागला, म्हणून दुसरा घालावा लागला! इथून पाणी उताराने, पंपाशिवाय, मँचेस्टरच्या दिशेने निघायचं.

(दृश्य: जलाशयाकाठची दगडी भिंत, वारा.)

१९३६ च्या फेररचनेत हॅटर्सली आणि मॅटली शेजारच्या शहरांनी वाटून घेतली. उरलं एक गाव. एका गावाचा जिल्हा! ग्रामपंचायत आणि जिल्हा, दोघांची हद्द एकच. कागदोपत्री गमतीचा वाटणारा हा प्रकार पुढे अडतीस वर्षं चालला.

१ एप्रिल १९७४ ला इंग्लंडमधले सगळेच ग्रामीण जिल्हे बरखास्त झाले. हाइड, स्टॅलीब्रिज, लाँगडेनडेल हे शेजारी ग्रेटर मँचेस्टर या नव्या काउंटीत गेले. पळीचा दांडा मधूनच तुटला, आणि टोकावरचं टिंटविसल चेशायरला जोडून ठेवायला जमीनच उरली नाही. त्याला नदीपलीकडच्या डर्बीशायर काउंटीत, हाय पीक नावाच्या जिल्ह्यात घातलं.

(दृश्य: ब्लॅक हिलचा माथा, धुकं.)

गावामागच्या माळरानाच्या कडेला ब्लॅक हिल आहे, ५८२ मीटर. त्या १ एप्रिलच्या आदल्या दिवसापर्यंत चेशायरचा सर्वात उंच माथा हाच. दुसऱ्या दिवशी तो मान गेला शायनिंग टोरकडे, उंची ५५९ मीटर. एका रात्रीत चेशायर तेवीस मीटरने बुटकं झालं.