आमची रोजची भाकर

बंधुभगिनींनो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘उपासना आणि रोजचं जगणं’. तिथं मी येणारच आहे, पण आधी एका शब्दापाशी थांबते. भाकर. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.’ आपल्या शास्त्रात ज्यानं तिथं ‘भाकर’ लिहिलं, त्याचे मी फार उपकार मानते. त्या एका शब्दानं प्रभूची प्रार्थना, येशूनं शिष्यांना शिकवलेली, थेट आपल्या चुलीपाशी येऊन बसली. बेथलेहेम या इब्री नावाचा अर्थसुद्धा ‘भाकरीचं घर’. नाताळच्या नाटकात मुलांना हे सांगता का? सांगा. आणि फादर स्टीफन्सना विसरू नका. माणूस इंग्रज, पण गोव्यात १६१६ साली त्यांचं ख्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारं काव्य, छापलं गेलं ते मराठी ओवीत. आपल्या आज्या जात्यावर बसल्या की तोंडात यायची ती ओवीच.

आता माझ्या आईची गोष्ट. १९७२चा दुष्काळ. इथं पांढऱ्या केसांची बरीच मंडळी दिसतात, त्यांना रेशनची ती लाल मिलो ज्वारी आठवत असेल. तिची भाकरी थापताना चिरायची, कडा सुटायच्या. मी दहा वर्षांची होते. आई आठवडाभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, आणि रविवारी आम्ही सगळे उपासनेला.

एका रविवारी आम्हाला उशीर झाला. शेजारच्या घरी बाळंतीण होती, घरातली बाकीची माणसं कामासाठी गाव सोडून गेलेली. ते घर आपल्या मंडळीतलं नव्हतं. आईनं डब्यात होतं नव्हतं ते पीठ काढलं, आधी तिच्यासाठी भाकरी केल्या, मग आमच्यासाठी. देवळाच्या दाराशी मंडळीतले एक वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे एक ज्येष्ठ, उभे होते. सगळ्यांच्या देखत म्हणाले, “देवापेक्षा चूल मोठी झाली का, बाई?” आईनं पदर पुढं ओढला आणि मागच्या सतरंजीवर जाऊन बसली. तिच्या नखांत पीठ होतं, ते मी बघत राहिले. आत प्रार्थना चालली होती, ‘भाकर’ शब्द आला तिथून तिनं आवाज मिळवला.

पन्नासहून जास्त वर्षं झाली, ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. मला त्या दाराशी ओरडून सांगायचं होतं, की आई उपासनेला उशिरा आलीच नव्हती. तिची उपासना पहाटे चुलीपुढं सुरू झाली होती.

पाळकसाहेब घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं म्हणतात. बरं, मग भराभर सांगते.

एक, प्रार्थनेत ‘माझी’ कुठंच नाही, ‘आमची’ आहे. त्या ‘आमची’त शेजारची बाळंतीण येते की नाही, हे ठरवल्याशिवाय पुढची ओळ म्हणू नये असं मला वाटतं.

दुसरं, ‘आज’. रानात इस्राएल लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून दिलेलं अन्न, पडला तेव्हा त्या दिवसापुरता गोळा करा अशी आज्ञा होती. काहींनी सकाळपर्यंत ठेवला, त्यात किडे पडले. फक्त शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, ठेवलेला टिकला. बायबलातल्या निर्गमाचा सोळावा अध्याय घरी जाऊन वाचा, आणि वाचताना आपली कोठी डोळ्यांपुढं ठेवा.

तिसरं महत्त्वाचं आहे, आणि वेळ तर संपलीच. भाकरीच्या लगेच पुढची मागणी ऋण सोडण्याची, म्हणजे क्षमेची. लूकच्या शुभवर्तमानात तिथं ‘पाप’ आहे, पण मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘ऋण’च. जिच्या घरी पीठ उसनं येतं तिला भाकर आणि ऋण शेजारीशेजारी का, हे कुणी समजावून द्यावं लागत नाही. बाळंतिणीची माणसं परत आली तेव्हा पिठाचं भांडं भरून घेऊन आली होती. आईनं ते घेतलं नाही. ‘आपलंच होतं,’ एवढंच म्हणाली.

ते वडील केव्हाच प्रभूकडं गेले. आईनं त्यांना त्याच दिवशी सोडलं असेल, तिचा स्वभावच तसा. मी मात्र ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस’ इथवर येते आणि माझा आवाज खाली जातो. दर रविवारी. आज तुमच्यासमोर पुन्हा म्हणून बघते.

उभे राहू या.