एकोणिसावे होल : गोव्याच्या उन्हात खेळून आल्यावर

मंडळी, गोल्फच्या पूर्ण मैदानाला अठरा होल असतात आणि खेळ आटोपल्यावर माणसे ज्या बारमध्ये टेकतात त्याला जगभर ‘एकोणिसावे होल’ म्हणतात. लोक या बारची कीर्ती फडताळातल्या बाटल्यांवरून ठरवतात. माझ्या मते ती पहिल्या अर्ध्या तासावरून ठरवावी. घामाने भिजलेला, पायांनी थकलेला, खिशात फटक्यांच्या नोंदीचे, सही न केलेले कार्ड घेऊन आलेला खेळाडू त्या अर्ध्या तासात माणसात येतो का, एवढेच पाहावे. महागडी सिंगल माल्ट कुठेही मिळते. खेळाडू आल्या आल्या न विचारता समोर येणारा पाण्याचा जग फार थोड्या ठिकाणी मिळतो.

स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमध्ये गोल्फरांची दोन लाडकी ठिकाणे आहेत, जिगर इन आणि डनव्हेगन. जिगर इन ही जुनी स्टेशनमास्तरची वास्तू, ओल्ड कोर्स या जुन्या मैदानाच्या सतराव्या होलाला, म्हणजे प्रसिद्ध रोड होलाला, अगदी लागून. डनव्हेगन अठराव्या ग्रीनपासून, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापासून, हाकेच्या अंतरावर. दोन्ही सर्वांना खुली. तिथे गोल्फचे बूट घालून आत गेले तर कोणी भुवई उंचावत नाही, आणि शेवटच्या पटची, म्हणजे चेंडू होलात ढकलणाऱ्या हलक्या फटक्याची, चर्चा रंगात असतानाच पहिला घोट घशाखाली जातो. अंतर जवळ आणि बुटांना मज्जाव नाही, या दोन गोष्टींवर निम्मे काम होते.

आता आपल्याकडे या. गोव्यातले गोल्फ मुख्यतः दक्षिणेच्या किनाऱ्यावर आहे आणि ते हॉटेलांच्या आवारात आहे. वार्क्याला काराव्हेलाचे नऊ होलांचे छोटे मैदान. मोबोरला साळ नदी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर बारा होलांचे मैदान. तिथले हॉटेल पूर्वी लीला होते, आता सेंट रेजिस आहे. काणकोणात राजबागेला, तळपण नदीच्या मुखाजवळ, ललितचे नऊ होलांचे मैदान; तिथे वेगवेगळ्या टीवरून (होलाचा पहिला फटका मारायच्या जागेवरून) दोनदा खेळून अठरा होल पूर्ण करता येतात. मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या सभासदांच्या क्लबसारखी, वर्षानुवर्षे त्याच खुर्चीत बसणारी मंडळी इथे नाहीत. त्यामुळे बारची सवय पोहून येणाऱ्यांना आणि सूर्यास्त पाहायला आलेल्यांना सांभाळण्याची. गोल्फ खेळून आलेल्याला काय लागते हे इथे सांगावे लागते, आणि सांगायचे तर आधी आपल्याला नेमके माहीत हवे. बाहेरून येणार असाल तर मैदान त्या दिवशी हॉटेलात न राहणाऱ्यांना खुले आहे का, आणि खेळल्यावर कोणत्या बारमध्ये बसता येईल, हे दोन्ही प्रश्न आदल्या दिवशी फोनवर विचारा. दुसरा प्रश्न लोक विसरतात आणि मग ओल्या बुटांनी लॉबीत ताटकळतात.

पहिले काम पाणी. मार्च-एप्रिलात सकाळी नऊ-दहानंतर पायी खेळणाऱ्याच्या अंगातून तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. समुद्राचा वारा लागतो म्हणून तो जाणवत नाही. किती गेला हे कळायला सोपा उपाय आहे : खेळण्याआधी आणि नंतर वजन करा; जितके किलो कमी, साधारण तितके लिटर पाणी कमी. ही तूट तशीच ठेवून थंड बिअर घेतली तर दारू लघवीवाटे आणखी पाणी बाहेर काढते. दुपारी डोके ठणकते, आणि दोष बिअरच्या ब्रँडला दिला जातो. म्हणून बसल्याबरोबर अर्धा लिटर पाणी, घाईने न ढोसता दहा मिनिटांत. त्यासोबत थोडे मीठ पोटात गेले पाहिजे.

मिठासाठी गोव्यात भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, आगळाइतकी चांगली वस्तू नाही. पिकलेल्या भिरंडाचा मीठ घालून राखलेला रस म्हणजे आगळ. पाव लिटरच्या ग्लासाला २५ मिलिलिटर आगळ, वर गार पाणी, दोन चहाचे चमचे साखर, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. वरून मीठ घालायचे नाही, ते आगळात आहेच. घोटाळा इथेच होतो. पुष्कळ बारमध्ये कोकमाचे गोड सिरप असते. रंग तोच, पण मीठ नाही आणि साखर बेसुमार. म्हणून ‘आगळ आहे की सिरप?’ असे स्पष्ट विचारा. सिरप असेल तर साध्या सोड्यात थोडेसेच घ्या आणि दोन चिमटी मीठ टाकायला सांगा. सोलकढी मात्र पहिल्या घोटाची वस्तू नव्हे. नारळाच्या दुधाने ती जड होते आणि तापलेल्या पोटाला सोसत नाही. ती जेवणाबरोबर घ्यावी. शिवाय बुफेच्या दिव्याखाली तासभर उबेत ठेवलेली सोलकढी फाटते. वर पाणी आणि खाली चोथा दिसला की हात लावू नये.

पाणी पीत असतानाच दुसरे काम, कार्ड. स्पर्धेचा राउंड असेल तर ग्लास येण्याआधी कार्ड पुरे करायचे. तुमच्या मार्करने, म्हणजे तुमचे फटके नोंदवणाऱ्या सोबत्याने, लिहिलेले आकडे होल-होल करून मोठ्याने वाचून घ्या. एकूण बेरजेपेक्षा प्रत्येक होलाचा आकडा महत्त्वाचा. नियम कडक आहे : एखाद्या होलावर खऱ्यापेक्षा कमी फटके लिहून कार्ड दिले तर तुम्ही बाद होता, जास्त लिहून दिले तर तो जास्त आकडा तुमच्या माथी कायम राहतो. मार्करची सही आणि तुमची सही, दोन्ही लागतात. आठवण ताजी असते ती पहिल्या पंधरा मिनिटांतच. नंतर पाचव्या होलावरची वाळूतला तो चौथा फटका कोणाचा होता यावर वाद होतात आणि मैत्री नासते. हॉटेलच्या बारमध्ये कार्ड लिहायला कोरडे टेबल मिळणे हीसुद्धा मोठी सोय आहे. घामेजलेल्या ग्लासाखाली भिजलेले कार्ड समितीला वाचता येत नाही.

आता पेय. कार्ड दिल्यावर पहिला ग्लास हलकाच हवा. सर्वांत सोपा शँडी : बिअर आणि लिमकासारखे लिंबाचे पेय, निम्मे-निम्मे. गोव्यात किंग्स या इथल्या जुन्या बिअरची आठवण काढणारे बरेच असतात; पण शँडीला कोणतीही साधी पिल्सनर (फिकट, हलकी बिअर) चालते, कडक स्ट्राँग बिअर नको, तिचा गोडसर कडूपणा लिंबात विचित्र लागतो. ग्लास तिरपा धरून आधी बिअर, मग लिंबाचे पेय काठावरून हळू सोडावे. दोन्ही बाटल्या सारख्याच गार हव्यात. एक जरी कोमट असली तरी ग्लासभर फेसच होतो, आणि मग बारवाला बर्फ टाकून तो बसवतो. त्याने चव पाणचट होते.

दारू नको असणाऱ्यांसाठी हाँगकाँगकडच्या क्लबांत ‘गनर’ नावाचे पेय चालते : जिंजर बिअर आणि जिंजर एल समसमान, लिंबाचा रस आणि अँगोस्तुरा बिटर्स या कडवट अर्काचे दोन-तीन थेंब. बिटर्समध्ये मद्यार्क असतो, पण तो थेंबांपुरताच. तोही नको असेल तर वगळावा. दुसरे अमेरिकन खेळाडू आर्नोल्ड पामर यांच्या नावाचे : बर्फगार कोरा चहा आणि लिंबू सरबत. आमचा कल तीन भाग चहा आणि एक भाग सरबत याकडे आहे. निम्मे-निम्मे केले की चहा हरवतो. एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम चहापत्ती, चार मिनिटे, गाळून घ्या आणि आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गरम चहा थेट फ्रीजमध्ये टाकला की तो गढूळ होतो. पिण्यात दोष नाही, पण ग्लास मळकट दिसतो. थोडे उकळते पाणी घातले की तो बराचसा निवळतो.

हुर्राकाबद्दल जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण गोव्यात खेळून गोव्याचे काही प्यायचे तर हाच त्याचा काळ. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, तो पुन्हा भट्टीवर चढवून गाळला की फेणी. हुर्राकात मद्यार्क साधारण १५ टक्के, फेणीत ४२-४३ टक्के. हंगाम मार्च ते मे. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. तरीही मोठ्या हॉटेलांच्या पेयपत्रिकेत ती अजून शेवटच्या ओळीत असते, ही खंत आहे. हुर्राक तर सहसा सुटाच विकला जातो, म्हणून मैदानावरच्या बारमध्ये तो नसण्याचीच शक्यता जास्त. मग गावातल्या परवानाधारक तावेर्नाकडे, म्हणजे दारूच्या छोट्या दुकानाकडे, वळावे.

६० मिलिलिटर हुर्राक, दीडशे मिलिलिटर लिमका, अर्ध्या लिंबाचा रस, उभी चिरलेली एक हिरवी मिरची, चिमूटभर मीठ, भरपूर बर्फ. मिरची चिरून टाकायची, ठेचायची नाही. ठेचली की दोन मिनिटांत तिखटाने काजूचा वास मरतो. हुर्राक काचेच्या बाटलीत ठेवावा. तो टिकाऊ नाही, काही महिन्यांत त्याचा सुवास उडतो. म्हणून डिसेंबरमध्ये कोणी ‘खास ठेवलेला हुर्राक’ पुढे केला तर आधी नुसता वास घ्या. फेणीला कोला लावण्याची सवय वाईट. कोलाच्या मसालेदार गोडव्यात फळाचा वास बुडतो आणि उरतो तो फक्त जळजळीत शेवट. लिंबू-सोडा किंवा लिमका, आणि फेणी तीसच मिलिलिटर.

आता हिशेब. पाच टक्क्यांच्या एका पाइंट (३३० मिलिलिटर) बिअरमध्ये १६ ते १७ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. तीस मिलिलिटर फेणीत साधारण १३. साठ मिलिलिटर हुर्राकात नऊ. म्हणजे वर सांगितलेला हुर्राक पूर्ण पाइंटापेक्षा हलका आहे, पण मोजून घेतला तरच. सरबतासारखा लागतो म्हणून मोठ्या ग्लासात अंदाजाने दीडशे मिलिलिटर ओतला की मद्यार्क २२ मिलिलिटरवर जातो, बिअरच्या पुढे. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. सत्तर किलोचा पुरुष एक पाइंट बिअर भराभर प्याला तर तो जवळजवळ त्या रेषेवर पोहोचतो; अंगाने बारीक माणूस किंवा बहुतेक स्त्रिया ती ओलांडतात. शरीर तासाला साधारण सात-आठ ग्रॅम मद्यार्क संपवते, म्हणजे एका पाइंटाला साधारण पावणेदोन तास. रिकामे पोट आणि अंगातले कमी झालेले पाणी यांनी दारू लवकर चढते. राजबागेहून मडगावला परतताना वाटेत करमल घाट आहे. गाडी कोण चालवणार हे पहिल्या टीवरच ठरवावे आणि त्याने आगळावरच थांबावे.

खाण्याचे थोडक्यात. पहिल्या ग्लासाबरोबर खारट आणि तळलेले लागते, पण थोडे. सुंगटांचे (कोळंबीचे) रिसॉइस उत्तम, चंद्रकोरीसारखे, आत पांढऱ्या सॉसमधली सुंगटे. तेल १७५ अंशांच्या आसपास हवे. तेल कमी तापलेले असेल तर आवरण तेल पिते, जास्त तापलेले असेल तर बाहेर करपते आणि आत गार राहते. उसवलेल्या कडेतून सॉस सांडला असेल तर स्वयंपाक्याने कडा ओल्या बोटाने नीट दाबलेल्या नाहीत असे समजा. चोरिसपाव (गोव्याचे सॉसेज भरलेला पाव) चविष्ट, पण चरबी भरपूर. उन्हातून आल्यावर दोघांत एक पुरे. मोबोरच्या बाजूला बेतूल आणि कुटबण हे मासळीचे धक्के जवळ आहेत, तेव्हा सकाळच्या मणक्या (स्क्विड) मागायला संकोच करू नये. तीन मिनिटांपेक्षा जास्त शिजल्या की त्या रबर होतात, म्हणून सॉसमध्ये उकळलेल्यांपेक्षा तव्यावर भराभर परतलेल्या घ्या.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताजी म्हणून पुढे येणारी सुंगटे बहुधा बर्फातली असतात, तेव्हा सुक्या सुंगटांची किसमूर मागवावी : मंद आचेवर कोरडी भाजलेली सुकी सुंगटे, खवलेला नारळ, बारीक कांदा, तिखट आणि चिंचेचा किंवा आमसुलाचा आंबटपणा. मिसळायची ती ताट टेबलावर येण्याच्या क्षणी. आधी कालवून ठेवली तर कांद्याला पाणी सुटते आणि सुंगटे लिबलिबीत होतात.

शेवटी ‘होल इन वन’चे. टीवरून एका फटक्यात चेंडू होलात गेला तर त्या खेळाडूने क्लबहाउसमधल्या सर्वांना पेय पाजायचे, असा रिवाज आहे. अठरा होलांच्या नेहमीच्या मैदानावर तीन पारची, म्हणजे तीन फटक्यांत पुरी होणे अपेक्षित असलेली, साधारण चारच होल असतात, त्यामुळे हा प्रसंग दुर्मीळ. आपल्याकडच्या छोट्या मैदानांवर तीन पारचीच होल जास्त, म्हणजे प्रत्येक राउंडला संधीही जास्त. आणि बार हॉटेलचा असल्यामुळे ‘सर्व’ म्हणजे लग्नाला आलेले पाहुणेही. तेव्हा खेळायला निघण्याआधी आपसात ठरवून घ्या : पाजायचे ते आपल्या चौघांना, कॅडींना (आपली पिशवी उचलणाऱ्यांना) चहा-नाश्ता किंवा त्यांना आवडेल ते, आणि बारमध्ये त्या वेळी दुसरे गोल्फर असतील तर त्यांना एकेक. हे ठरले की बारवाल्यालाही सांगून ठेवा, म्हणजे बिल कुठे थांबवायचे हे त्याला कळेल. चेंडू मात्र कॅडीकडून तेव्हाच मागून घ्या. चुकून पुढच्या टीवर तोच चेंडू मारला आणि साळ नदीत गेला, तर तो परत मिळत नाही.