आधी अट, मग आकडे

हवामान बदलावर मित्रांशी वाद घालताना आपण सगळ्यात कच्चा पुरावा आधी पुढे करतो, तो म्हणजे पाऊस. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, हे खरंच. पण समोरचा लगेच विचारतो, ‘मग 1972 चा दुष्काळ कुणी पाडला?’ त्याचं काही चुकत नाही. एका दिवसाच्या पावसावरून हवामान ठरत नाही.

माझा एक वकील मित्र आहे. त्याचं म्हणणं, ‘हा सगळा सूर्याचा खेळ. पृथ्वी पूर्वीही तापली होती, तेव्हा काय गाड्या होत्या?’ पूर्वी तापली होती, हे सरळ मान्य करून टाकावं. मी एवढंच विचारलं, ‘सूर्यामुळे होत असेल, तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळेच थर तापायला हवेत ना?’

‘उघड आहे.’

‘आणि कार्बन डायऑक्साइडमुळे होत असेल तर?’

इथे जरा समजावावं लागलं. जमिनीवरून वर निघालेली उष्णता हा वायू खालच्या थरात अडवतो. वर स्थितांबरात, म्हणजे त्या थराच्या वरच्या थरात, हवा विरळ. तिथे तोच वायू उष्णता अवकाशात सोडून देतो. म्हणजे खाली ऊब, वर गारवा. ही अट दोघांनी कबूल केली आणि मगच आकडे काढले. खालचा थर तापतोय, स्थितांबर थंड होतंय.

स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी हे 1967 मध्ये गणितातून मांडलं होतं. उपग्रहांवरून या थरांच्या तापमानाची सलग मोजणी सुरू झाली ती 1978 च्या अखेरीस. मानाबेंना 2021 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याचं वकिलाला काडीचं कौतुक नव्हतं. भाकीत आधी, मोजणी नंतर, हा क्रम मात्र त्याला पटला. तरी शेवटी वकीलच तो! ‘ओझोन घटला म्हणूनही वर गारवा येईल की.’ हरकत रास्त होती, कारण ओझोन सूर्याची किरणं शोषून तो वरचा थर तापवतो. काही गारवा ओझोनमुळे आलाच. पण ओझोनची घट थांबल्यावरही स्थितांबराचा वरचा भाग थंड होत राहिला आहे.

ज्वालामुखीवाल्यांशी फार वेळ घालवू नका. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणूस सोडतो त्याच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. आणि हे सगळं समोरासमोर, चहावर बोला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये चाळीस जणांदेखत कोण माघार घेतो?

वकिलाने शेवटी मान तुकवली आणि लगेच नवी फाईल उघडली: ‘मान्य. पण म्हणून मी गाडी विकायची का?’ हा वाद वेगळा आहे. त्याला स्थितांबर दाखवून उपयोग नाही. तिथे त्याच्या घरापासून बसथांबा किती लांब आहे आणि बस किती वेळाने येते, हे बोलावं लागतं.