गणेशखिंडीतली सकाळ

[दृश्य : पुण्यातला विद्यापीठ चौक, वरून. मग हळूहळू खाली, गर्दीच्या उंचीवर.]

सकाळचे सव्वानऊ झालेत. औंध, बाणेर, पाषाण आणि सेनापती बापट रस्ता या सगळ्यांकडून आलेली वाहनं इथे एकमेकांना भिडतात. शिवाजीनगरकडे जाणाऱ्यांना पुढे गणेशखिंड रस्ता, एवढीच वाट. संध्याकाळी हाच लोंढा घराकडे उलटा वाहतो.

रस्ता जुना आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गव्हर्नरच्या बंगल्यावरचा समारंभ आटोपून निघालेल्या रँड या इंग्रज प्लेग अधिकाऱ्यावर चाफेकर बंधूंनी गोळी झाडली, ती याच रस्त्यावर. तो बंगला आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. तेव्हा इथून बग्ग्या जायच्या. २०१८ मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा ३६ लाखांच्या पुढे गेला, म्हणजे शहरात माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या.

[दृश्य : जुने उड्डाणपूल पाडतानाची छायाचित्रं.]

कोंडी फोडायला २००६ च्या सुमारास या चौकात उड्डाणपूल उभे राहिले. २०२० च्या जुलैत, टाळेबंदीतच, ते पाडावे लागले, कारण हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रोचे खांब त्यांच्याशी जुळेनात. मग वर मेट्रो आणि खाली वाहनं असा दुमजली पूल आला. त्याचा औंधकडून शिवाजीनगरकडे उतरणारा भाग २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. मधली पाच वर्षं लोकांनी पत्र्यांच्या आडोशानं, धुळीतून काढली. जेमतेम चौदा वर्षांचा पूल पाडायची वेळ पुन्हा कुठल्याच चौकावर येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. पूल, मेट्रो, बस आणि फुटपाथ यांचा आराखडा एकाच वेळी, एकाच टेबलावर मांडला तरच ते टळेल.

नव्या पुलानं चौकातला वेळ वाचतो, हे खरं. पण पुलावरून सुटलेली गाडी पुढच्या सिग्नलला जाऊन थांबतेच. शिवाय रस्ता मोकळा दिसला की काल बसनं गेलेला माणूस आज गाडी काढतो. रुंदी वाढवूनही कोंडी परत येते, ती अशी.

[दृश्य : सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या काचा, एकेक करून.]

या काचांमधून आत बघा. एकटा चालक. पुढच्या गाडीत एकटी चालक. त्याच्या पुढेही तेच. आता मागे अडकलेली पीएमपीची बस बघा. दारापर्यंत माणसं उभी आहेत, कंडक्टर हात उंच धरून तिकीट देतोय. बारा मीटर लांबीच्या या बसमध्ये पन्नास-साठ जण आहेत. तेवढ्याच जागेत तीन मोटारी मावतात आणि त्यांत चार-पाच जण असतात. पण आपण मोजणी वाहनांची करतो, म्हणून या साठ जणांचा हिशेब लागतच नाही. नियोजनाची सुरुवात माणसं मोजण्यापासून व्हायला हवी.

मग बसला स्वतःची मार्गिका द्यावी लागेल. इथे लगेच कुणीतरी बीआरटीची, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या मार्गिकेची, आठवण काढतं. २००६ मध्ये सातारा रस्त्यावर ती सुरू झाली. थांबे रस्त्याच्या मधोमध, तिथवर पोहोचायचं म्हणजे जीव मुठीत धरायचा, आणि मार्गिकेत बाकीच्या गाड्या घुसायच्या त्या वेगळ्याच. माझं मत विचाराल तर कल्पना चांगली होती, थांब्यापर्यंतची वाट मात्र कुणी आखलीच नाही. गणेशखिंडीत मेट्रोची स्थानकं होताहेत, तिथे ही चूक टाळता येईल. जिन्यापासून बसथांब्यापर्यंत सलग फुटपाथ असला, आणि त्या फुटपाथवर दुचाकी लावता आली नाही, तर हिंजवडीला जाणारा माणूस मेट्रो धरेल. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद झाल्यावर लोक किती निवांत चालतात, ते आपण पाहिलंच आहे.

[दृश्य : रस्त्याच्या कडेला उभी एक आजी. हातात औषधांची पिशवी.]

हा रस्ता ४५ मीटर रुंद करायचं ठरलंय. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो. म्हणजे पलीकडे जायला त्याला छत्तीस सेकंद हवेत, आणि गुडघे दुखत असतील तर मिनिटभर. सिग्नलची वेळ बसवताना हे गणित आधी मांडायला हवं.

आजी पाऊल टाकतात. वॉर्डन शिट्टी वाजवून हात आडवा करतो. त्या दुभाजकापर्यंत पोहोचतात, तेवढ्यात सिग्नल सुटतो. दोन्ही बाजूंनी गाड्या निघतात. पिशवी छातीशी धरून आजी दुभाजकावरच थांबल्या आहेत.